कड्यावरचा रॉक नोम लायकेन: उरलाय कुठे, आणि त्याचा पत्ता का सांगत नाहीत?

धुक्यातली_वाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो आणि सुट्टी मिळाली की दक्षिण ॲपलाचियन डोंगर गाठतो. गेल्या शनिवारी एका उंच धारेवर गेलो होतो. वर धुकं इतकं दाट की चार पावलं पुढे असलेल्या नवऱ्याची पाठपिशवी दिसेना. वाटेला लागून एक उभा कातळ होता, काळाशार, वरून पाणी झिरपणारा. त्याच्यापुढे गुडघ्याएवढ्या उंचीवर दोर बांधलेला आणि दोर ओलांडू नका अशी पाटी.

खाली माहिती देणाऱ्या एक स्वयंसेविका बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, या डोंगरांत रॉक नोम लायकेन नावाचा शैवाक आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि तो लुप्तप्राय म्हणून सरकारी यादीत आहे. मी विचारलं, त्या दोरामागे तोच आहे का? त्यांनी मान हलवली, "ते मला सांगता येणार नाही." त्यांचा सूर अगदी प्रेमळ होता, पण उत्तर नाहीच.

तेव्हापासून डोक्यात तेच. हा शैवाक नेमका कुठे कुठे आढळतो? एवढी गुप्तता कशासाठी? आणि खडकावरच वाढतो, तर चार तुकडे उचलून दुसऱ्या सुरक्षित कड्यावर लावता येत नाहीत का? इथे जाणकार आहेत, सांगा.

चिंचेचं_बोटुक

शैवाक म्हणजे मसाल्यातलं दगडफूल ना? मग मी त्याला चांगलीच ओळखते. :)

भिंगवाला

@चिंचेचं_बोटुक, दगडफूलही शैवाकच, पण हा त्या कुळातला नाही. दूरचा नातलग म्हणा.

धागाकर्त्या ताई, तुम्ही माझ्या आवडीचा विषय काढलात, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. मी टेनेसीत वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि दोन उन्हाळे या शैवाकाच्या मोजणीत मदतनीस म्हणून गेलो आहे.

याचं आजचं शास्त्रीय नाव सेट्राडोनिया लिनिॲरिस. येल विद्यापीठातल्या अलेक्झांडर इव्हान्स यांनी १९४७ मध्ये क्लॅडोनिया वंशात त्याचं पहिलं वर्णन केलं. १९६८ मध्ये योशिमुरा आणि शार्प यांनी त्याला जिम्नोडर्मा वंशात नेलं. २००२ मध्ये वेई आणि आह्ती यांनी त्याच्यासाठी वेगळा वंशच काढला आणि त्या वंशात ही एकच जाती आहे. म्हणजे ही जाती गेली की वंश बुडाला.

दिसायला कसा? नखाच्या कातरणासारख्या बारीक पट्ट्या, रुंदी जेमतेम एक मिलिमीटर, लांबी एक-दोन सेंटिमीटर. त्या कातळाला दाटीने चिकटलेल्या असतात आणि टोकं किंचित वर उचललेली असतात. वरची बाजू निळसर राखाडी, खालची पांढरट, आणि बुडाशी रंग काळा होत जातो. ते काळं बूड विसरू नका, ओळख तिथेच पटते. जुलै ते सप्टेंबरात टोकांवर काळे बारीक गोळे येतात, ती त्याची फळं. पहिल्यांदा मी दोराला लटकून, एका हातात भिंग धरून ते पाहिलं तेव्हा कड्यावरून ओघळलेला एक थेंब पट्टीच्या टोकाशी थांबला होता आणि त्या थेंबातून ते काळे गोळे मोठे होऊन दिसत होते. मोजायचं विसरून मी नुसता बघत राहिलो.

आता प्रदेश. नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसीच्या सीमेवरचे उंच डोंगर हे त्याचं मूळ घर. सर्वात जास्त वस्त्या नॉर्थ कॅरोलायनात. शिवाय साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि व्हर्जिनियात थोड्या. जागा दोनच प्रकारच्या: एकतर ५,००० फुटांच्या वरचे, सतत धुक्यात न्हाणारे उभे कडे, किंवा खाली नद्यांच्या खोल घळी, जिथे हवा कायम दमट असते. त्यातही कातळावर पावसात पाणी झिरपून जाईल अशीच जागा लागते. धो धो पाण्याखाली तो टिकत नाही आणि कोरड्या कातळावरही नाही. उजेड हवा, पण कडक ऊन सोसत नाही.

बाकीचं संध्याकाळी लिहितो, वर्ग आहे.

सदाफुली७

वाह! वाचनखूण साठवली.

कडेकपारी

"नोम" म्हणजे तो गोष्टीतला टोपीवाला बुटका ना? मग मराठीत कातळबटू म्हणूया?

चिंचेचं_बोटुक

कातळबटू! मुंज झालेला दिसतोय डोळ्यांपुढे.

निळी_शाई

कातळबटूला माझंही मत. यापुढे तेच लिहू.

जमाखर्च

सर्वांच्या उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. तळहाताएवढ्या ठिपक्यासाठी वाटा बंद करायच्या, मोजणीला माणसं लटकवायची, कायदे करायचे, हे कुठवर? निसर्गात जाती येतात, जातात. हाच पैसा आणि हेच मनुष्यबळ नद्या किंवा मोठी जंगलं वाचवायला लावलं तर जास्त जीव वाचतील, असं मला वाटतं. या शैवाकाचा उपयोग काय, असं मी विचारत नाही. फक्त प्राधान्य कशाला द्यायचं, एवढाच मुद्दा आहे.

कडेकपारी

जमाखर्च, तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर भिंगवाले देतील, मी माझ्या बाजूचं सांगतो.

मी गिर्यारोहक आहे, याच डोंगरांत अकरा वर्षं चढतोय. नवा मार्ग उघडताना आम्ही कातळ साफ करायचो. भेगांतली माती खरवडायची, शेवाळ उपटायचं, मग तारेचा ब्रश. पकड चांगली मिळावी म्हणून तासन्‌तास घासायचं. एकदा एका घळीत, सावलीतल्या ओल्या कड्यावर, मी असाच एक पट्टा साफ केला. राखाडी खवले होते, ब्रशखाली ओल्या कागदासारखे निघून येत होते. ते काय होते मला माहीत नाही. कातळबटूच होता असं म्हणत नाही, अशा खवल्यांचे कितीतरी शैवाक असतात. पण आज वरचं वर्णन वाचताना पोटात खड्डा पडला. घासण्याआधी मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

तरीही सरसकट कडे बंद करायला माझा विरोध आहे. चढायला आम्हाला कोरडा, उन्हातला कातळ लागतो आणि याला ओला, सावलीतला. दोघांच्या वाटा फारशा एकमेकांत येतच नाहीत. ज्या येतात तेवढ्याच दाखवा, आम्ही स्वतःहून सोडू.

भिंगवाला

@कडेकपारी, मोकळेपणाने लिहिलंत. तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. कड्याच्या मधल्या भागापेक्षा नुकसान जास्त होतं ते वरच्या काठावर आणि वाटेलगतच्या पाझरांवर. तिथे लोक फोटोसाठी कातळावर चढतात, पाय घसरला की हात टेकतात, आणि ओला शैवाक हाताबरोबर निघतो. वस्त्या बहुधा एक चौरस मीटरपेक्षाही लहान असतात. त्यात एक बूट सरकला तर किती जाईल याचा अंदाज करा.

पण "तेवढ्याच दाखवा" इथे मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. का ते कायद्याचं जाणणारं कोणी लिहिलं तर बरं.

कलमदान

लिहितो. माझं शिक्षण कायद्याचं, वनस्पतींचं नव्हे, तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्या.

अमेरिकेचा लुप्तप्राय जातींचा कायदा १९७३ चा. त्यात प्राणी आणि वनस्पती अशी विभागणी आहे. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार, म्हणजे खरं तर दोन्हींत बसत नाही, पण कायद्याने त्याला वनस्पतींच्या रांगेत उभं केलं. १८ जानेवारी १९९५ रोजी कातळबटू लुप्तप्राय म्हणून नोंदला गेला. १९९७ मध्ये त्याच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा आला.

एखादी जाती यादीत आली की तिचा अत्यावश्यक अधिवास नकाशासह जाहीर करण्याची तरतूद आहे. याच्या बाबतीत ते मुद्दाम टाळलं. नकाशा छापला की गोळा करणाऱ्यांना पत्ताच मिळतो, आणि एवढ्याशा वस्तीतून कुणी एक पाकीटभर नमुना उचलला तर वस्तीच संपू शकते. धागाकर्त्या ताईंना त्या बाईंनी उत्तर का दिलं नाही, ते इथे कळतं.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला खटकते. प्राण्याला मारणं हा या कायद्याखाली सगळीकडे गुन्हा आहे. वनस्पतींना (आणि म्हणून शैवाकांनाही) असं संरक्षण मुख्यतः केंद्र सरकारच्या जमिनीवर. खासगी जमिनीवर मालकाने खडक खरवडला, तर राज्याचा एखादा कायदा मोडला असेल तेव्हाच केंद्राचा कायदा लागू होतो. जमीन बदलली की त्याच जीवाची किंमत बदलते. हे न्याय्य नाही.

निळी_शाई

पण शैवाक गोळा करणार कोण? ऑर्किड चोरतात, वाघाची कातडी चोरतात, हे ऐकलंय. शैवाक?

भिंगवाला

@निळी_शाई, सांगायला वाईट वाटतं, पण धोका आम्हा लोकांकडूनच आहे. अभ्यासक, हौशी संग्राहक, दुर्मिळ जातीचा नमुना आपल्या कपाटात हवा असणारे. पूर्वी नमुना घेणं म्हणजे चांगला मोठा तुकडा सुरीने सोलून पाकिटात घालणं, अशीच पद्धत होती. शंभर ठिकाणी वाढणाऱ्या जातीला ते चालतं. याला नाही.

म्हणूनच सर्वांना एक विनंती. फिरताना असं काही दिसलं आणि फोटो काढला, तर टाकण्याआधी त्यातली स्थळाची माहिती काढून टाका. मोबाईल ती गुपचूप जोडतो. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ) धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं. इतर ठिकाणी ते काम आपल्यालाच करावं लागतं.

चिंचेचं_बोटुक

हे माहीत नव्हतं. आत्ताच जाऊन सेटिंग बदललं.

शेतावरून

भिंगवाल्यांनी संध्याकाळी लिहितो म्हटलं होतं, ते खऱ्या मुद्द्यावर यायचेत असं दिसतंय. तोवर मी थोडं लिहितो. आयुष्यभर किडींवर काम केलं, निवृत्तीनंतर मुलीकडे शार्लटला असतो.

कातळबटूचा सर्वांत मोठा शत्रू बूट नाही आणि संग्राहकही नाही. तो आहे लोकरी मावा. उसावरचा लोकरी मावा ज्यांनी पाहिलाय त्यांच्या डोळ्यांसमोर पांढरी लोकर येईलच. इथला त्याचा भाऊबंद फ्रेझर फर या झाडावर बसतो. (नाताळात घरोघरी सजतं ते झाड बऱ्याचदा हेच, खाली त्याची शेतीच आहे. पण रानटी फ्रेझर फर फक्त याच डोंगरांच्या माथ्यावर.) कीड मूळची युरोपची, साधारण १९०० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत आली. १९५७ मध्ये ती माउंट मिचेलवर सापडली. मिसिसिपी नदीच्या पूर्वेचं हे सर्वांत उंच शिखर, ६,६८४ फूट. १९६० च्या दशकात ती ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये पोचली.

किडा डोळ्याला जेमतेम दिसतो. तो सालीच्या फटीत सोंड खुपसून रस पितो आणि त्याच्या लाळेने झाडाचं लाकूडच बिघडतं, पाणी वर चढेनासं होतं. झाड तहानेने मरतं, तेही वर्षभर धुक्यात उभं असताना. तरुण झाडाची साल गुळगुळीत असते म्हणून ते वाचतं. मोठं झालं, सालीला भेगा पडल्या, की पाळी आली. मी पहिल्यांदा कुवोही शिखरावर गेलो (पूर्वीचं क्लिंगमन्स डोम, २०२४ मध्ये चेरोकी लोकांचं जुनं नाव परत मिळालं) तेव्हा माथ्यावर राखाडी, सालं गळालेले बुंधे दूरवर उभे होते. इतकी वर्षं किडी पाहिल्या, पण एवढं मोठं मसण पाहिलं नव्हतं.

आता याचा खडकाशी संबंध काय? फरच्या सुया धुक्यातलं पाणी गाळून घेतात आणि थेंब थेंब खाली सोडतात. त्यांची सावली कातळावर असते. झाड मेलं की सावली गेली, थेंब थांबले, ऊन थेट कातळावर. शैवाकाला मूळ नाही, साल नाही, पाणी साठवायला पोट नाही. हवा ओली तर तो ओला, हवा कोरडी तर तो कोरडा. दोर बांधून त्याला बुटांपासून वाचवाल, उन्हापासून कसं वाचवणार?

जमाखर्च साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. कातळबटू वाचवायचा तर वरचं फरचं रान वाचवावं लागतं. लहान जीव आणि मोठं जंगल असे दोन वेगळे हिशेब नाहीतच.

कडेकपारी

+१. शेतावरून काका, असंच लिहीत राहा.

जमाखर्च

काका, हे पटलं. मी वस्तीचं क्षेत्रफळ पाहत होतो, तिच्या डोक्यावर काय उभं आहे ते पाहिलंच नाही. एकच शंका उरते. घळींतल्या वस्त्या तर खाली आहेत, तिथे फर नाही. मग त्या तरी सुरक्षित म्हणायच्या?

भिंगवाला

नाही ना. घळींत सावली हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची. आणि हेमलॉकलाही लोकरी मावा आहे, वेगळ्या जातीचा, जपानहून आलेला. पूर्व अमेरिकेत तो १९५१ मध्ये व्हर्जिनियात सापडला, स्मोकीजमध्ये २००२ मध्ये. म्हणजे वरच्या घराचं छप्पर एका किडीने खाल्लं आणि खालच्या घराचं दुसरीने.

काकांनी माझं संध्याकाळचं काम हलकं केलं. फक्त थोडी भर घालतो.

एक, हवा. शैवाक धुक्यातून पाणी घेतो तसं धुक्यातलं सगळं घेतो. कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघालेलं गंधक या शिखरांवर आम्लधुकं होऊन बसायचं. १९९० मध्ये हवेचा कायदा कडक झाला, त्यानंतर ते बरंच कमी झालं. या सगळ्या कहाणीत मनाला उभारी देणारी ही गोष्ट आहे. माणसांनी ठरवलं आणि धुकं स्वच्छ झालं.

दोन, शेजारी. त्याच फरच्या सावलीत, खडकावरच्या शेवाळाच्या गादीत, तीन-चार मिलिमीटरचा एक कोळी राहतो, टॅरँट्युलाच्या गोतावळ्यातला. तोही १९९५ मध्येच लुप्तप्राय ठरला. कारण तेच, फर मेले आणि शेवाळाची गादी वाळली. ज्यांना शैवाकाबद्दल काही वाटत नाही त्यांनी निदान कोळ्यासाठी फर वाचवावेत. :)

तीन, धागाकर्तीचा शेवटचा प्रश्न, दुसरीकडे लावता येईल का. तुकडा तुटून नवी वस्ती होणं हाच याच्या वाढीचा मुख्य मार्ग दिसतो, म्हणजे तत्त्वतः तुकडा लावणं शक्य आहे. याच डोंगरांतल्या इतर दुर्मिळ शैवाकांवर गॉझ आणि कापडाचे तुकडे वापरून असे प्रयोग झाले आहेत. पण लावणार कुठे? ओला, सावलीतला, धुक्यातला कडा हवा. तसा कडा असता तर प्रश्नच नव्हता. शिवाय वाढ अतिशय मंद. आज लावलेला तुकडा रुजला की नाही हे कळायला वर्षं जातात, आणि तोडलेला तुकडा मूळ वस्तीतून वजा होतो तो होतोच.

सांजवात

मी फ्लोरिडात असते. अमेरिकेच्या त्या यादीत शैवाक दोनच आहेत, दुसरा आमच्याकडचा. क्लॅडोनिया परफोराटा, १९९३ मध्ये नोंदला गेला. तो खडकावर नसतो, पांढऱ्या वाळूच्या झुडुपी रानात जमिनीवर असतो, पोकळ फांद्यांची जाळी असल्यासारखा. १९९५ च्या ओपल चक्रीवादळात किनाऱ्यालगतच्या बेटावरच्या त्याच्या वस्त्या समुद्राने धुऊन नेल्या. एका रात्रीत. त्यामुळे "थोड्याच जागी आहे" याचा अर्थ आम्हाला चांगला कळतो.

निळी_शाई

वादळ म्हटलं की हेलीन आठवतं. सप्टेंबर २०२४. आम्ही ॲशव्हिलजवळ राहतो. माउंट मिचेलच्या बाजूला तीन दिवसांत तीस इंचांवर पाऊस झाला, दरडी कोसळल्या, अख्खे उतार झाडांसकट खाली आले. आमच्या घरामागचा ओढा रस्त्यावरून वाहत होता. त्या दिवसांत शैवाकाचा विचार कुणाच्या मनात येणार? माणसं शोधायची होती. पण आता या धाग्यावर वाचताना वाटतं, घळींच्या भिंती पुराने किती उंचीपर्यंत घासल्या असतील.

भिंगवाला

@निळी_शाई, तुमच्या भागाने जे सोसलं त्यापुढे बाकी सगळं नंतर.

घळींबद्दलची तुमची शंका अगदी बरोबर आहे. पुराबरोबर दगडगोटे येतात आणि भिंती तासल्यासारख्या साफ होतात. आणि झाडं आडवी झाली तिथे पुन्हा तेच, ऊन.

सदाफुली७

अवांतर: शैवाक म्हणजे दोन जीव, मग त्याला एका जातीचं नाव कसं?

भिंगवाला

अवांतर नाही, चांगला प्रश्न आहे. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात सांगितलं की शैवाक हा एक जीव नसून बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र राहणं आहे, तेव्हा त्या काळच्या मोठमोठ्या शैवाकतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढलं. आज तो बरोबर ठरला आहे. नाव दिलं जातं ते बुरशीला. घर तिचं, रांधायचं काम शैवालाचं.

मोजणीतही याचाच गोंधळ होतो. कातळबटू मुख्यतः तुकड्यांतून पसरतो, त्यामुळे एका कड्यावरचे वीस पुंजके म्हणजे वीस जीव की एकाच्याच वीस फांद्या, हे नजरेने सांगता येत नाही. म्हणून आम्ही डोकी मोजत नाही, जागा मोजतो. पट्टी लावायची, पुंजक्याची लांबी-रुंदी लिहायची, पुढचा पुंजका. १९९५ मध्ये नोंद झाली तेव्हा तीसेक वस्त्याच ठाऊक होत्या. त्यानंतर दोर लावून कडे धुंडाळले तेव्हा आणखी बऱ्याच सापडल्या.

जमाखर्च

मग तर यादीतून काढायला हवा ना? सापडल्या म्हणजे वाढला.

भिंगवाला

सापडणं आणि वाढणं वेगळं. त्या वस्त्या तिथे आधीपासूनच होत्या, आपण आत्ता पोचलो.

आणि नकाशावर ठिपके जास्त दिसले तरी ते एकमेकांना मदत करत नाहीत. ५,००० फुटांच्या वरची शिखरं म्हणजे उबदार दऱ्यांच्या समुद्रातली थंड बेटं. हिमयुगात थंड रान खालपर्यंत पसरलेलं होतं, हवा तापली तसं ते माथ्यावर चढत गेलं आणि तिथेच अडकलं. स्मोकीजच्या दऱ्यांत वर्षाला साधारण ५५ इंच पाऊस, माथ्यावर ८५. एवढ्या फरकातून एका शिखरावरचा तुकडा दरी ओलांडून दुसऱ्या शिखरावर कसा जाणार? एका कड्यावरची वस्ती गेली तर शेजारच्या शिखरावरून ती भरून येईल, अशी आशा धरता येत नाही. आणि हवा आणखी तापून ढगांचा तळ वर सरकला, तर वर सरकायला डोंगरच उरलेला नाही.

शेतावरून

एक आशेची गोष्ट सांगतो, नाहीतर मुलं निराश होतील. मेलेल्या बुंध्यांच्या खाली फरची नवी रोपं दाट उगवली आहेत. काही शिखरांवर ती बी धरण्याइतकी मोठी झाली. सालीला भेगा पडल्यावर त्यांचं काय होईल ते किडीवर अवलंबून आहे. पण ज्या माथ्यावर मी मसण पाहिलं होतं, तिथेच गेल्या वर्षी नातीच्या उंचीची हिरवी झाडं पाहिली. तिने एकाला हात लावून वास घेतला आणि म्हणाली, आजोबा, नाताळ.

चिंचेचं_बोटुक

काका _/\_

धुक्यातली_वाट

सर्वांचे मनापासून आभार. धागा काढताना वाटलं नव्हतं एवढं मिळेल.

काल पुन्हा त्याच धारेवर गेले होते. या वेळी त्या बाईंना जागा विचारली नाही. त्यांना म्हटलं, तुम्ही उत्तर दिलं नाहीत ते योग्यच केलंत. त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी आपलं भिंग मला हातात दिलं आणि वाटेवरच्या एका साध्या दगडावर काय काय आहे ते पाहायला लावलं. ओट्याएवढा दगड. त्यावर सात वेगळे शैवाक मोजले. एक काळसर, कोरड्या चामड्याच्या तुकड्यासारखा, मधोमध एकाच देठाने चिकटलेला. त्याच्यावर पाणी शिंपडलं तर बघता बघता हिरवट मऊ झाला. स्मोकीजमध्ये म्हणे ९०० च्या वर जातींचे शैवाक आहेत. मी इतकी वर्षं त्यांच्यावर बसून डबा खात आले.

परतीच्या वाटेत दुसरा एक ओला कडा लागला, दोर वगैरे नव्हता. लांबूनच, वाट न सोडता, फोटो घेतला. निळसर खवले दिसतायत. स्थळाची माहिती काढून टाकली आहे. भिंगवाले, जरा पाहाल का?

भिंगवाला

पाहिला, मोठा करून पाहिला. तो नाही. खवले रुंद आहेत, कडा दंतुर आहेत, आणि बुडाशी काळेपणा नाही. क्लॅडोनियापैकी कुणीतरी. पण जागा अगदी हवी तशी आहे, पाझर बेताचा, उत्तरेकडे तोंड, लालसर तपकिरी शेवाळही दिसतंय. उंच कड्यांवर कातळबटूच्या सोबतीला असंच शेवाळ असतं.

फोटोच्या वरच्या कोपऱ्यात फरची रोपं दिसतायत. ती साधारण किती उंच होती? पुढच्या वेळी गेलात तर वाटेवरूनच अंदाज घ्या आणि शक्य असेल तर सालही पाहा, गुळगुळीत आहे की भेगा पडल्यात, पांढरी लोकर आहे का.

धुक्यातली_वाट

माझ्या खांद्याएवढी होती. साल पाहिली नाही. पुढच्या शनिवारी जातेय, भिंग मागवलंय.

शेतावरून

लोकर असली तर बुंध्याच्या खालच्या बाजूला, फांद्यांच्या बेचक्यात शोधा. बोटाने चोळलं की जांभळट डाग पडतो.